दोन पाच आठ शून्य

मेणबाईला दिसेल ते मोठ्यानं वाचायची खोड आहे. डब्यावरची तारीख, दारावरची पाटी, कॅलेंडरच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला छापखान्याचा पत्ता, सगळं ती वाचते आणि आपण वाचतोय हे तिच्या ध्यानातही नसतं. ती आमच्या कृत्रिम दातांच्या लॅबमध्ये मेणाचे नमुने करते, आणि तिथे सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली आहे की पंख्याच्या आवाजासारखं ते कानावरून जातं. त्या दिवशी मात्र गेलं नाही. खिडकीपाशी खुर्चीत एक वाहतूक पोलीस बसला होता, गणवेशातच, पुढचा दात अर्धा मोडलेला. त्याच्या दातांच्या डॉक्टरांनी त्याला रंग जुळवायला आमच्याकडे पाठवलं होतं. ओठ मागे ओढून धरणारा प्लॅस्टिकचा चिमटा तोंडात असल्यामुळे तो उगाचच सगळ्यांकडे बघून हसतोय असं वाटत होतं. मी त्याच्या दाताशेजारी रंगांची पट्टी धरून उभी होते. मेणबाईनं टेबलावर हाताला लागला तो फोन उचलला, तो माझा होता, आणि फोटो काढायला त्याच्या तोंडापुढे धरला. तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कडेतून एक पांढरी चौकट खाली उतरली आणि मेणबाईनं ती वाचली. "तुमचं औषध तयार आहे. हातांच्या कंपासाठी, सकाळी एक, संध्याकाळी..." आणि ती थांबली. मेणबाई वाचता वाचता मध्येच थांबल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मला त्या क्षणी एवढंच सुचलं की हातातली पट्टी खाली ठेवावी. पट्टीवर ओळीनं लावलेले नमुन्याचे दात एकमेकांवर बारीक वाजत होते. ते रोजच वाजतात की आजच वाजले, हे मला सांगता येईना. समोरच्या टेबलावरच्या डावखुऱ्यानं तयार दात घासून गुळगुळीत करायचं यंत्र बंद केलं आणि मग, उगीच बंद केलं असं वाटून, परत सुरू केलं. मी म्हटलं, कुणाचं तरी दुसऱ्याचं माझ्याकडे आलेलं दिसतंय. डावखुरा लगेच म्हणाला, हो, येतं असं. मेणबाई म्हणाली, तिच्या भावाला तर कुणाच्या तरी कुत्र्याच्या इंजेक्शनचे निरोप येतात. दोघांनी माझं म्हणणं इतक्या तत्परतेनं उचलून धरलं की मला त्यांचा राग आला. थोडी शंका काढली असती, थट्टा केली असती, तर मी जरा भांडले तरी असते. पोलिसाला बोलता येत नव्हतं. तो त्या सक्तीच्या हसऱ्या तोंडानं माझ्या हातांकडे बघत होता. फोटो हललेला निघाला, आणि तो माझ्यामुळे नव्हे, मेणबाईमुळे. पोलिसाला कामावर परत जायचं होतं, म्हणून त्याला पुढच्या आठवड्यात या असं सांगून त्याच्या तोंडातला चिमटा काढला. तो जाताना मला म्हणाला, "मॅडम, येतो हं," आणि बाकी कुणाला काही म्हणाला नाही.

आमच्या लॅबमध्ये सगळ्यांच्या फोनची पिन एकच आहे, हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर तो आम्हाला वेड्यात काढील. पण त्याला कारण होतं. लॅबचा कॅमेरा बिघडला तेव्हा मालक म्हणाले, फोन आहेत की सगळ्यांकडे. रंगाचा फोटो काढायचा तर ज्याचा फोन जवळ असेल तो घ्यायचा. बरं, आमच्या बोटांना कायम मेण, प्लॅस्टर नाहीतर पोर्सेलिनची पूड. ती पूड घासून घासून बोटांच्या रेषाच गेल्या आहेत. फोनवर अंगठा ठेवला की तो म्हणतो, ओळख पटली नाही. तोंडाला मास्क, म्हणजे चेहराही त्याला पटत नाही. उरले आकडे. मग मालकांनीच ठरवलं, दोन पाच आठ शून्य, मधली सरळ ओळ, वरून खाली. बोटाचं पेर वाकवून नुसतं पेरानं दाबता येते, भरलेलं बोट लावावं लागत नाही. मालकांना याचा फार अभिमान आहे. नवीन माणूस आला की ते त्याला चहाच्या वेळी सांगतात, आपल्यात लपवण्यासारखं काय आहे? आणि नवीन माणूस हसतो आणि आपली पिन बदलून हीच करतो. मीही तेव्हा हसले होते. तेव्हा माझ्या फोनमध्ये मुलीचे फोटो आणि विजेचं बिल एवढंच होतं.

आता पिन बदलायची म्हणजे तोंडानं सांगितल्यासारखंच. एवढी वर्षं उघडा असलेला फोन आजच का बंद झाला, हे विचारायची कुणाला गरजही पडणार नाही. हे माझ्या लक्षात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. चोर दुसराच आणि कुलूप लावायची चोरी मला. खरं म्हणजे चोरही कुणी नव्हता, हाच तर सगळा वैताग होता. कुणावर धड चिडता येत नव्हतं. मेणबाईवर चिडावं तर तिनं फक्त वाचलं. औषधाच्या दुकानावर चिडावं तर त्यांनी फक्त कळवलं. आणि त्या अ‍ॅपवर चिडणं म्हणजे भिंतीवर चिडणं. मी दुपारच्या सुट्टीत फोन घेऊन बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि त्या अ‍ॅपशी झटापट सुरू केली. सूचना बंद करायच्या तर आधी तुमची ओळख पटवा. पटवते. अंगठा ठेवा. ठेवला. ओळख पटली नाही. चेहरा दाखवा. मास्क काढला, तर म्हणे पुरेसा उजेड नाही. बाथरूममध्ये कुठून आणू उजेड? मग त्यांनी एक सांकेतिक आकडा मेलवर पाठवला आहे असं कळवलं. मेल उघडून बघते तर काही नाही. परत पाठवा. पाठवला. काही नाही. बाहेरून मेणबाईनं दार वाजवून विचारलं, बरं वाटतंय ना गं? त्या प्रश्नात इतकी माया होती की मला फोन कमोडमध्ये टाकावासा वाटला.

संध्याकाळी औषध आणायला गेले. औषधवाला तरुण आहे, तरतरीत आहे, अतिशय मदत करणारा आहे, म्हणजे माझ्या डोक्याला ताप व्हायला जे जे लागतं ते सगळं त्याच्यात आहे. म्हणाला, फोनमधला कोड दाखवा. मी फोन पुढे केला. हात लांब करून हवेत धरला की माझा हात सगळ्यात जास्त हलतो, टेकू मिळाला की थांबतो, हे मला माहीत आहे, पण त्याच्या काउंटरवर नेमकी खोकल्याच्या गोळ्यांची बरणी होती, टेकायला जागा नव्हती. त्याच्या यंत्राला कोड वाचता येईना. तो म्हणाला, जरा स्थिर धरा. मग स्वतःच माझं मनगट धरून म्हणाला, हातांच्या कंपाच्याच गोळ्या ना? मागे रांग होती. रांगेतल्या माणसांनी सभ्यपणानं टूथपेस्टकडे बघायला सुरुवात केली. मी त्याला हळू आवाजात विचारलं, हे निरोप पाठवणं बंद करता येईल का. तो मोठ्या आवाजात म्हणाला, ते तुमच्याच फोनमध्ये आहे मॅडम, आम्ही तुमच्या खाजगी गोष्टीत हात घालत नाही.

पूर्वी बरं होतं असं म्हणणारी मी नव्हे. पण कागदाची चिठ्ठी घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात जायची आणि तिथे गप्प पडून राहायची, हे खरं आहे. ती अधूनमधून बाहेर डोकावून लोकांना काही सांगत नसे. आणि डॉक्टरांचं अक्षर असं की पर्स चोरीला गेली तरी चोराला काही कळू नये. माझ्या आईची चिठ्ठी अशीच असायची. तिला कशासाठी औषध चालू आहे हे मी तिला कधी विचारलं नाही, कारण विचारायची गरज नव्हती. कप बशीवर वाजायचा. सकाळी आतल्या खोलीत झोपलेली असताना मला तो आवाज यायचा, म्हणजे आई उठली, चहा झाला. पुढे पुढे तो आवाज वाढला, आणि मग एके दिवशी बंद झाला. मी उठून बघितलं तर वडिलांनी तिला चहा अर्धा कप ओतून दिला होता आणि बशी काढून घेतली होती. कुणी काही बोललं नव्हतं. तेव्हापासून घरात तिला सगळेच अर्धा कप देऊ लागले, मामा आला की मामा, मी केला की मी. पाहुण्यांच्या घरीसुद्धा वडील हळूच खूण करायचे. तिनं अर्धा कधी मागितला नव्हता. तिला चहा फार आवडायचा. ती अर्धा पिऊन झाला की रिकाम्या कपात थोडा वेळ बघत राहायची आणि आम्हाला वाटायचं, आपण तिला किती सांभाळून घेतो.

डॉक्टरांनी मला सांगितलं, हा घराण्यातून येणारा कंप आहे, जिवाला काही धोका नाही. मी म्हटलं, जिवाचं कोण विचारतंय. मी दात करते. दाढा कुणीही करील, तोंडाच्या आत कोण बघायला जातंय. पण पुढचा दात म्हणजे नुसता पांढरा तुकडा नसतो. मुळाशी तो पिवळसर असतो, टोकाला धुरकट, मध्येच एखादा केसासारखा तडा, एखादा दुधी ठिपका, आणि हे सगळं शेजारच्या दाताशी असं जुळायला हवं की त्या माणसाच्या बायकोलाही कळू नये यातला खोटा कुठला. बारीक कुंचल्यानं ओली पूड थरावर थर चढवायची, भट्टीत भाजायची, परत चढवायची. आमच्या लॅबमध्ये पुढचे दात माझ्या टेबलावर येतात. रस्त्यानं चालताना कधीकधी कुणीतरी समोरून हसत येतं आणि मला वाटतं, अरे, हा माझा. त्या माणसाला ते कधी कळणार नाही, आणि कळू नये हेच तर माझं काम. हात हलतो हे लॅबमध्ये कळलं की पुढचे दात डावखुऱ्याकडे जाणार, हे मला पहिल्या गोळीच्या दिवसापासून माहीत होतं. कुणी वाईटपणानं नाही नेणार. प्रेमानं नेतील. म्हणून तर मी एवढी जपत होते. करंगळी टेबलावर टेकवून, कोपर बरगडीला लावून, गोळी घेतल्यावर ती अंगात भिनेपर्यंत मुद्दाम हिशेबाची आणि पाकिटं बांधायची कामं काढून मी ते निभावत होते. कुंचला दाताला टेकला की हात आपोआप शांत होतो. हवेत असेपर्यंतच काय तो गोंधळ.

मुलीला फोन केला तो स्वयंपाकघरात, भांडी तशीच ठेवून. ती दुसऱ्या शहरात असते. ते अ‍ॅप तिनंच मला लावून दिलं होतं, तिकडून फोनवर सांगत सांगत, आई हे दाब, आई ते नको दाबूस. मी तिला मोघम विचारलं की औषधांचे निरोप फोनवर दिसू नयेत म्हणून काय करायचं, आणि तो आकडा माझ्या मेलवर का येत नाही.

"तो माझ्या मेलवर येतो आई," ती म्हणाली. "तेव्हा तुझी मेल चालत नव्हती, म्हणून मी माझी घातली होती. मला सगळं येतं."

"सगळं म्हणजे?"

"कंपाचं पण."

मी ओट्याला टेकले. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, पहिल्यापासून. मग बोलली का नाहीस, तर म्हणे तू सांगशील म्हणून थांबले होते. मला इतका संताप आला की काय बोलले ते नीट आठवत नाही. दुसऱ्याची पत्रं फोडतात का, असंही काहीतरी म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, फोडली नाहीत गं, माझ्याच दारात पडत होती. ती खरंच बोलत होती, आणि म्हणूनच मला आणखी चीड आली. मी एवढे महिने फोनवर तिच्याशी उसन्या उत्साहानं बोलत होते, व्हिडिओ असला की फोन बरणीला टेकवून ठेवत होते, आणि ती तिकडून ते सगळं बघत होती, जाणूनबुजून, मला बरं वाटावं म्हणून. म्हणजे तीही मला अर्धा कपच देत होती. मग तिनं विचारलं, "आई, आजीला पण होतं ना हे?" आणि मी ऐकलं की तिचा आवाज नेहमीचा नाही. ती माझ्याबद्दल विचारत नव्हती. मी ते ओळखलं. मी म्हटलं, तू आधी फोनचं सांग. मग तिनं सांगितलं आणि मी केलं, एकेक करून. बंद फोनवर मजकूर दिसू द्यायचा नाही, नुसतं निरोप आला एवढंच दिसेल. अ‍ॅपला स्वतःचं वेगळं कुलूप. तिची मेल काढून माझी घातली, आणि ती घालताना मुलगी म्हणाली, आता मला काही येणार नाही हं. मी म्हटलं, हो. तेही मला आवडलं नाही. शेवटी पिन. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको, सरळ ओळ तर नकोच, आणि लांबलचक घे. मी घेतली. कुठले आकडे घेतले ते सांगणार नाही.

फोन ठेवायच्या आधी मी तिला म्हटलं, आजीला होतं, मला आहे, तुला होईलच असं नाही, डॉक्टरांना मी विचारलंय. विचारलं नव्हतं. ती म्हणाली, बरं. नंतर मी ओट्यापाशी उभी राहून भांडी घासली आणि मला वाटत राहिलं की कुलूप लावून झाल्यावर माणसाला जरा हलकं वाटायला हवं. तसं काही वाटलं नाही. उलट, माझं औषध आता फक्त मला कळणार होतं आणि त्यामुळे मी एकदम एकटी पडले होते, ज्यासाठी मी दिवसभर जिवाचा आटापिटा केला तेच मिळाल्यावर. अशा वेळी स्वतःचाच वैताग येतो आणि तो कुणाला सांगायची सोयही नसते.

लॅबमध्ये दोन दिवस कुणी माझा फोन उचलला नाही. आधी मला वाटलं, योगायोग. मग दिसलं की मेणबाई फोटो काढायचा असला की टेबलाला वळसा घालून डावखुऱ्याचा फोन आणायला जाते, माझा समोर पडलेला असताना. ती जाते तेव्हा काही वाचत नाही, एवढ्यावरून मला कळलं की ती मुद्दाम जाते. मी त्याच सुमारास माझ्या टेबलावरचे ट्रे आवरायला घेतले. प्रत्येक कामाचा एक प्लॅस्टिकचा छोटा ट्रे असतो, त्यात दाताचा साचा आणि डॉक्टरांची सूचना. मी एकेक साचा उचलून बघत होते. दाढ. दाढ. दाढ, खालची. परत दाढ. मी तयार होऊन भट्टीशेजारी ठेवलेले जुने ट्रे काढले, धुवायला ठेवलेले काढले. त्यातही दाढाच. शेवटचा पुढचा दात मी कधी केला होता ते आठवायला लागले तर मला एक बाई आठवली, तिला लग्नाआधी दात हवा होता, आणि तेव्हा बाहेर अजून थंडी होती. मी डावखुऱ्याच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे पुढचे दात होते, ओळीनं.

म्हणजे फोननं काही सांगितलंच नव्हतं. त्या पांढऱ्या चौकटीच्या कितीतरी आधी त्यांनी माझे हात पाहिले होते, आपापसात काही बोलले असतील किंवा बोललेही नसतील, आणि ट्रे हळूहळू, एकेक करून, मला ताकास तूर न लागू देता पलीकडे सरकवले होते. आणि मी इकडे बाथरूमची कडी लावून एका अ‍ॅपला माझी ओळख पटवत बसले होते. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी मालकांच्या खोलीत गेले. मालक प्लॅस्टरच्या पिशव्यांवर बसून चहा पीत होते. मी विचारलं, पुढचे दात माझ्याकडे का येत नाहीत? ते म्हणाले, अगं, तुझ्या डोळ्यांना जरा आराम. मी म्हटलं, माझे डोळे चांगले आहेत. ते म्हणाले, हो, म्हणजे तेच म्हणतोय, चांगले आहेत तर चांगले राहू देत. एवढा सरळ माणूस एवढं गुळमुळीत बोलताना मी पहिल्यांदा पाहत होते. मी विचारलं, माझा एखादा दात परत आला का? एखाद्या डॉक्टरांनी तक्रार केली? ते म्हणाले, छे, छे, तसं काही नाही. मग? ते कपात बघत राहिले. शेवटी म्हणाले, "तक्रार यायच्या आधी थांबावं ना, ताई. तुझ्या नावाला धक्का नको." म्हणजे माझं नावही त्यांनीच माझ्यासाठी जपून ठेवलं होतं, मला न विचारता. मी म्हटलं, त्या पोलिसाचा दात मी करणार. ते म्हणाले, बघू.

त्यांचं बघू म्हणजे काय हे पोलीस परत आला त्या दिवशी कळलं. त्याचा ट्रे डावखुऱ्याच्या टेबलावर होता. मी गेले आणि उचलून माझ्या टेबलावर आणला. डावखुरा उभा राहिला. म्हणाला, "ताई, उगाच दगदग होईल." त्याचा हात चांगला आहे, त्याच्यात मला काही खोट काढता येत नाही, आणि तो माझ्यापाशीच शिकला आहे. मी म्हटलं, "होऊ दे दगदग." तो बसला. पोलिसाला चिमटा लावून झाला होता, तो पुन्हा तसाच सगळ्यांकडे बघून हसत होता. मेणबाईला या सगळ्यात काय करावं ते सुचेना, आणि काही सुचलं नाही की तिचे हात सवयीनं चालतात. तिनं समोरचा फोन उचलला. माझा. आणि पेर वाकवून दोन पाच आठ शून्य दाबलं.

फोन नुसता थरथरला. तिनं परत दाबलं. परत तेच. तिनं पडद्यावरचं वाचलं, "चुकीची पिन," आणि मग तिच्या लक्षात आलं की तिनं काय वाचलं. यंत्र बंद झालं. पंखा तेवढा चालू होता. मेणबाईनं माझ्याकडे फोन पुढे केला, त्यावर प्लॅस्टर लागलं होतं ते तिनं आधी पदरानं पुसलं. ती म्हणाली, "पिन बदललीस?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "बरं केलंस," आणि हे तिनं इतकं मनापासून म्हटलं की मला वाटलं हिलाही कधीतरी बदलायची असेल. मी फोन हातात घेतला. गोळी सकाळीच घेतली होती, पण अशा वेळी गोळी काही कामाची नसते. चार माणसांच्या शांततेत हात हवेत धरून एवढे लांबलचक आकडे दाबायचे होते. पहिला बरोबर लागला. दुसरा शेजारी लागला. मी खोडलं. परत पहिला, मग दुसरा, मग तिसऱ्याला बोट दोनदा उमटलं. चुकीची पिन. जे लपवायला मी हे कुलूप लावलं होतं, ते उघडताना मी ते सगळ्यांसमोर, भर दुपारी, खिडकीतल्या उजेडात दाखवत होते. मला हसूच यायचं बाकी होतं. मेणबाई हळूच म्हणाली, "दे गं, मी दाबते, तू नुसती सांग." तिचा हात पुढे आला होता. मला दिसला तो अर्धा कप.

"नाही," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "सगळ्यांनी तिकडे तोंड करा. एटीएमपाशी कसे दुसरीकडे बघता, तसं."

कुणाला हसायचं सुचलं नाही. डावखुऱ्यानं खुर्चीसकट भिंतीकडे तोंड केलं. मेणबाई वळली आणि तिच्यासमोर कॅलेंडर आलं, पण तिनं ते वाचलं नाही. तेवढ्यात मालक दार ढकलून आत येत होते, काय चाललंय म्हणून, तर खुर्चीतल्या पोलिसानं कामावरच्यासारखा पंजा वर केला आणि त्यांना दारातच थांबवलं. मालक थांबले, आणि काही न कळूनही तिथेच पाठमोरे झाले. पोलिसाला मान वळवता येत नव्हती, चिमटा होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

आता कुणी बघत नव्हतं. माझा हात मनसोक्त थरथरला आणि मी त्याला थरथरू दिला. कोपर बरगडीला लावलं नाही, करंगळी कुठे टेकवली नाही. किती दिवसांनी तो असा मोकळा हलत होता, आणि मी त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत होते, आईच्या हाताकडे जसं कधी बघितलं नाही तसं. मग मी आकडे दाबले, चुकले, खोडले, परत दाबले. फोन उघडला. तरी मी लगेच झालं म्हटलं नाही. मी पोलिसाच्या खांद्यावर कोपर टेकवलं. तो जरासा दचकला, पण डोळे उघडले नाहीत, आणि खांदा मात्र त्यानं अजिबात हलू दिला नाही. मी मोडक्या दाताचा फोटो काढला, शेजारच्या चांगल्या दाताचा काढला, तो मोठा करून नीट बघितला. टोकाला धुरकट होता, आणि डाव्या बाजूला एक दुधी ठिपका होता, पहिल्या दिवशी कुणाच्याच लक्षात न आलेला. मग मी फोन बंद करून खिशात टाकला आणि म्हटलं, "झालं. वळा आता."